वादळ लक्ष्मीपूजनाला, वाऱ्याचा हिशेब पाडव्याला

ठाण्याच्या डोक्यावर २५० किलोमीटर उंचीला, रात्रीच्या पूर्वार्धात, सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने पूर्वेकडे वारा वाहत असतो. ताशी ३६० किलोमीटर. हवा तिथे इतकी विरळ की हात बाहेर काढला तर काही लागणार नाही, पण उपग्रहाला लागतं आणि आयनोस्फिअर या विद्युतभारित थरातल्या प्रवाहांना तर फारच लागतं. सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं, म्हणजे भूचुंबकीय वादळ झालं, की हा वारा मंदावतो, कधी उलटा फिरतो. खारघर, नवीन पनवेल आणि ठाण्यातले आम्ही काही जण हा बदल घरच्या संगणकावर, सर्वांना मिळू शकणाऱ्या नोंदींमधून शोधतो. पायथन बऱ्यापैकी आणि फोर्ट्रान ओळखीपुरतं येत असलं की पुरे. या कामात कोड लिहिणं अवघड नाही, घड्याळ सांभाळणं अवघड आहे. आणि बहुतेकांचं काम फसतं ते वादळाच्या दिवशीच ग्राफ बंद केल्यामुळे. वाऱ्याने केलेली उलथापालथ आपल्या अक्षांशावर ठळक होते ती दुसऱ्या दिवशी.

इथूनच थेट आकाशात बघून वारा मोजता येत नाही का, असं नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो. पद्धत आहे. रात्री ऑक्सिजनचा अणू ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतो, साधारण २५० किलोमीटरवरून. तिथली हवा आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर त्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित सरकते. किंचित म्हणजे किती? १०० मीटर प्रतिसेकंद वाऱ्याला ०.०००२ नॅनोमीटर. एवढं पकडायला फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर लागतो, तापमान काटेकोर सांभाळलेली खोली लागते, एकेका दिशेला काही मिनिटांचं एक्स्पोजर लागतं आणि सगळ्यात आधी काळोख लागतो. कळंबोली सर्कल, पाम बीच रोड, ऐरोलीची एमआयडीसी यांच्या उजेडात या तांबड्या रेषेचा पत्ता लागत नाही, आणि जून ते सप्टेंबर तर ढगच. कोल्हापूरहून वायुदीप्तीची, म्हणजे रात्रीच्या या मंद उजेडाची, निरीक्षणं होतात ती उगाच नाही. आपल्या वाट्याला नोंदी आणि गणित.

तर आधी वारा इथवर येतो कसा ते. वादळाची ऊर्जा उतरते ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात. ११० ते १५० किलोमीटर उंचीवर लाखो अँपिअरचे प्रवाह वाहतात आणि हवा तापते. तापलेली हवा फुगते, दाब वाढतो, वारा विषुववृत्ताच्या दिशेने सुटतो. यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. एक म्हणजे लाट. ती सेकंदाला ५०० ते ८०० मीटर वेगाने धावते. चुंबकीय ६५ अंशांवरून आपल्या जेमतेम १२ अंशांपर्यंत अंतर सुमारे ६,००० किलोमीटर, ६०० मीटर प्रतिसेकंद धरले तर पावणेतीन तास. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द वाऱ्याचा प्रवाह. तो संथपणे पसरतो आणि दक्षिणेकडे येता येता कोरिऑलिस बलामुळे उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळतो. रात्री आयन कमी असतात, त्यांचा अडथळा कमी, म्हणून रात्रीच्या बाजूने तो जास्त खोल शिरतो. पश्चिमेकडे वाहणाऱ्या या वाऱ्यामुळे आयनोस्फिअरमध्ये विषुववृत्ताकडे प्रवाह सुरू होतो, तिथे विद्युतभार साठतो आणि नेहमीच्या उलट दिशेचं विद्युतक्षेत्र तयार होतं. ब्लांक आणि रिचमंड या शास्त्रज्ञांनी १९८० साली हा विक्षोभ-डायनॅमो, म्हणजे वादळी वाऱ्यातून वीज तयार होण्याची ही कल्पना, मांडली. हा डायनॅमो उभा राहायला काही तास लागतात आणि वादळ ओसरल्यावरही तो दिवस-दीड दिवस रेंगाळतो.

सरावासाठी वादळ निवडताना सर्वांत मोठ्याच्या मागे लागू नये. आम्ही ४ नोव्हेंबर २०२१ चं घेतो. वादळाचा पहिला धक्का आला ४ तारखेला, भारतीय वेळेनुसार उत्तररात्री दीडच्या सुमाराला. वादळाचा जोर ० ते ९ मध्ये सांगणारा केपी निर्देशांक ७ च्या वर गेला. विषुववृत्ताकडचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं ते सांगणाऱ्या डीएसटी निर्देशांकाने संध्याकाळच्या सुमाराला तळ गाठला, उणे १०० नॅनोटेस्लाच्या आसपास. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, पाडवा ५ तारखेला आणि भाऊबीज ६ ला. हे वादळ घ्यायचं मुख्य कारण असं की तेव्हा नासाचा आयकॉन उपग्रह चालू होता आणि वरचे वारे थेट मोजत होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सोडलेला हा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये संपर्काबाहेर गेला. म्हणजे चांगली वादळं आणि प्रत्यक्ष मोजलेले वारे एकत्र मिळतील असा काळ तीनच वर्षांचा.

पहिलं काम निर्देशांक गोळा करणं. केपी आणि एपी (केपीचंच दुसऱ्या मोजपट्टीवरचं रूप) जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून, डीएसटी क्योटोहून, सूर्यवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताची, मिनिटागणिक नोंद नासाच्या ओम्नी संचातून. सगळं जागतिक वेळेत असतं आणि सगळं जागतिक वेळेतच ठेवायचं. भारतीय वेळ फक्त ग्राफच्या तळाशी, शेवटी लिहायची. केपीचे तीन तासांचे कप्पे आपल्याकडे ५:३०, ८:३०, ११:३० असे पडतात. मध्येच कुणी साडेपाच तास मिळवून ठेवले आणि दुसऱ्याने परत मिळवले की वादळ अकरा तास सरकतं, आणि ग्राफ दिसायला मात्र अगदी व्यवस्थित असतो.

ओम्नीत आणखी एक मेख आहे. सूर्यवारा मोजणारी यानं पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहेत. तिथून इथे यायला वाऱ्याच्या वेगानुसार अर्धा ते एक तास लागतो. ओम्नीतल्या नोंदी आधीच पृथ्वीच्या पुढच्या धनुष्याकार आघातसीमेपर्यंत सरकवलेल्या असतात, त्या पुन्हा सरकवायच्या नाहीत. थेट यानाच्या ताज्या नोंदी घेतल्या तर मात्र सरकवाव्या लागतात. रिकाम्या जागी बीझेडसाठी (सूर्यवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) ९९९९.९९ आणि वेगासाठी ९९९९९.९ लिहिलेलं असतं. सरासरी काढण्याआधी ते उडवलं नाही तर पुढचं काही बघायलाच नको.

दुसरं काम मॉडेल. आडव्या वाऱ्यांचं प्रमाण मॉडेल म्हणजे एचडब्ल्यूएम१४, ड्रॉब आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेलं. फोर्ट्रानची एक फाइल आणि सोबत तीन डेटा फाइल्स: शांत वाऱ्याचे सहगुणक, वादळी भागाचे सहगुणक, आणि भौगोलिक स्थानावरून चुंबकीय स्थान काढायचा तक्ता. जीफोर्ट्रान या मोफत कंपायलरने एका ओळीत कंपाइल होतं. डेटा फाइल्स कुठे ठेवल्या आहेत ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सांगावं लागतं. ते नसेल तर प्रोग्रॅम चालू फोल्डरमध्ये शोधतो. दुसऱ्या फोल्डरमधून चालवला की 'फाइल सापडत नाही' म्हणतो आणि लोक कंपायलरला दोष देत बसतात.

इनपुट असे. तारीख वर्ष आणि वर्षातला दिवस जोडून: ४ नोव्हेंबर हा ३०८ वा दिवस, म्हणून २१३०८. वेळ जागतिक, सेकंदांत. पाडव्याच्या पहाटे २ वाजता ठाण्यावर काय चाललं होतं हे हवं असेल तर जागतिक वेळ होते ४ तारखेचे २०:३०, म्हणजे ७३८०० सेकंद, आणि दिवस ३०८ च. ३०९ लिहिलं तर वादळाचा एपी चुकीच्या कप्प्यातून उचलला जातो. उंची २५० किलोमीटर, अक्षांश १९.२, रेखांश ७३.०. स्थानिक वेळ आणि सौर प्रवाहाच्या जागा जुन्या आवृत्त्यांशी जुळवून घ्यायला ठेवल्या आहेत, मॉडेल त्या वापरत नाही. सूर्याचा आकडा बदलून वारा का हलत नाही म्हणून डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

एपीच्या दोन जागांपैकी दुसरी कामाची, तीत त्या तीन तासांचा एपी भरायचा. शांत वारा हवा असेल तर तिथे ऋण आकडा द्यायचा. शून्य दिलं तर वादळी भागाचं गणित शून्य केपीने का होईना, होतंच. आम्ही प्रत्येक वेळेसाठी दोनदा चालवतो, एकदा उणे १ देऊन आणि एकदा खरा एपी देऊन, आणि वजाबाकी करतो. ती वजाबाकी म्हणजे वादळाने घातलेली भर. उत्तरात पहिला आकडा उत्तर-दक्षिण, उत्तरेकडे जाणारा धन. दुसरा पूर्व-पश्चिम, पूर्वेकडे जाणारा धन. हवामान खात्याच्या बातम्या ऐकून वारा कुठून येतो ते सांगायची सवय लागलेली असते, इथे तो कुठे जातो ते सांगायचं.

आपल्या अक्षांशावर या वजाबाकीत रात्रीच्या बाजूला पूर्व-पश्चिम आकडा ऋण दिसायला हवा. शांत रात्रीच्या पूर्वेकडच्या वाऱ्यातून तो वजा होतो आणि एकूण वारा मंदावतो किंवा उलटतो. दिसला नाही तर मॉडेलवर शंका घेण्याआधी वेळ तपासा.

मॉडेलच्या मर्यादा कोड उघडल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून कोड उघडाच. वादळी भाग, ज्याला डीडब्ल्यूएम०७ म्हणतात, तो उंचीनुसार बदलतच नाही. १२५ किलोमीटरला केंद्र असलेला एक गुळगुळीत उतार लावून तो खाली शून्य आणि वर पूर्ण केला आहे. १५० किलोमीटरला जेवढी भर, तेवढीच ४०० ला. दुसरं, केपी ८ च्या वर गेला की मॉडेल त्याला ८ वरच थांबवतं. एपी २०७ द्या की ४००, उत्तर तेच. तिसरं, हे अनेक वादळांचं सरासरी चित्र आहे. त्याला या क्षणाचा केपी कळतो, सहा तासांपूर्वी काय झालं ते कळत नाही. वादळ ओसरलं की मॉडेलचा वारा लगेच शांत होतो. खरा वारा होत नाही. पाडव्याच्या दुपारचा प्रश्न मॉडेलला विचारण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही, आणि आम्हाला तर तोच विचारायचा असतो.

त्यासाठी आयकॉन. त्यावरचं मायटी हे उपकरण उत्तरेकडे, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी बघतं. पहिल्या दिशेने पाहिलेली हवा काही मिनिटांनी दुसऱ्या दिशेने दिसते, दोन्ही मिळून वाऱ्याचे दोन घटक निघतात. तांबड्या रेषेवरून २५० किलोमीटरच्या आसपासचा वारा, हिरव्या ५५७.७ नॅनोमीटर रेषेवरून खालचा. दोन्ही घटक एकत्र दिलेली फाइल घ्यायची, एकेका दृष्टिरेषेची नव्हे. फाइलमध्ये यानाचं स्थान वेगळं आणि वारा जिथे मोजला ते स्थान वेगळं असतं. यान बरंच दक्षिणेला असताना नजर उत्तरेला असते. यानाच्या स्थानावर गाळणी लावली तर ठाण्याचा म्हणून भलत्याच ठिकाणचा वारा हातात येतो.

आम्ही मोजणीच्या स्थानावर १४ ते २४ अंश उत्तर आणि ६० ते ९० अंश पूर्व अशी चौकट लावतो. याहून लहान केली तर दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नोंदी उरत नाहीत. मग दर्जा. प्रत्येक नोंदीला १, ०.५ किंवा ० असा शेरा असतो. ० सरळ फेकायचं. ०.५ ठेवायचं की नाही हा वादाचा मुद्दा, पण सूर्यास्त-सूर्योदयाजवळच्या ०.५ ला आम्ही हात लावत नाही. तिथे प्रकाश देणाऱ्या थराची उंचीच बदलत असते. वादळात तर हा थर रात्रीही वरखाली होतो, त्यामुळे २५० किलोमीटरचा वारा म्हणून जो आकडा दिसतो त्यात उंचीची थोडी सरमिसळ गृहीत धरायची.

एका दिवसात एका अक्षांशावर यान दोनच स्थानिक वेळांना येतं, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. त्या वेळाही रोज थोड्याथोड्या सरकतात. म्हणून तुलनेसाठीचा शांत दिवस महिनाभर आधीचा घेतला तर वादळ आणि शांतता यांची नव्हे, संध्याकाळ आणि सकाळ यांची तुलना होते. दोन-चार दिवस आधीचा शांत दिवस घ्यायचा. नसेल तर मॉडेलचा शांत वारा घ्यायचा.

आणि हे करताना फाइलची आवृत्ती बघायची. चौथ्या आवृत्तीपर्यंत मायटीचा शून्य वारा ठरवताना दीर्घ सरासरी एचडब्ल्यूएम१४ शी जुळवली होती. ती आवृत्ती घेऊन मॉडेलशी तुलना केली आणि सरासरी छान जुळली म्हणून आनंद मानला, तर तो आनंद आधीच फाइलमध्ये घालून दिलेला होता. पाचव्या आवृत्तीत हे अवलंबन काढून टाकलं आहे. तीच घ्या.

तिसरं काम जमिनीवरच्या चुंबकीय नोंदींचं, आणि ते आमच्या सर्वांत आवडीचं, कारण ते आपल्या दारचं आहे. मुंबई किनाऱ्यावर चुंबकीय नोंदींची परंपरा १८४१ पासूनची. कुलाब्याच्या वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात क्षैतिज (जमिनीला समांतर) चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचं नोंदवलं. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर, नानाभाई मूस संचालक असताना, चुंबकीय काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं गेलं. १९०४ पासून तिथे नोंदी चालू आहेत. आज ही वेधशाळा ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे ती नवीन पनवेललाच, आणि मुंबई जागतिक डेटा केंद्रही तिच्याकडेच. अलिबागची नोंद आंतरराष्ट्रीय इंटरमॅग्नेट जाळ्यातही मिळते. तिच्याशी तुलनेला लागते तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची नोंद, ती डेटा केंद्राकडून मागवावी लागते.

स्वतःच्या गच्चीवर सेन्सर का नाही लावत? लावून बघा. अलिबागला क्षैतिज क्षेत्र ३८,००० नॅनोटेस्लांच्या घरात आहे, म्हणजे ४०० नॅनोटेस्लांचं भलं मोठं वादळ जेमतेम एक टक्का. आरएम३१०० सारखा स्वस्त सेन्सर तेवढं पकडतो. पण सोसायटीची लिफ्ट वरखाली झाली की वादळ, खाली कोणी गाडी लावली की वादळ. मोठा धक्का रात्री उशिरा आला तर ओळखता येतो, बारीक बदलांसाठी त्याचा उपयोग नाही.

तिरुनेलवेलीच का, तर ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे दिवसा साधारण १०५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे वाहणारा अरुंद आणि जोरदार प्रवाह असतो, विषुववृत्तीय इलेक्ट्रोजेट. त्याने जमिनीवरचं क्षैतिज क्षेत्र दुपारी ५० ते १०० नॅनोटेस्लांनी वाढतं. अलिबाग या पट्ट्याच्या बाहेर. वादळात पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहामुळे जी घसरण होते ती मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखी. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच पासंग असलं की ते उडून जातं, तसं तिरुनेलवेलीतून अलिबाग वजा केलं की वादळ जातं आणि इलेक्ट्रोजेट उरतो. तो उलटला म्हणजे वरचं विद्युतक्षेत्र उलटलं. आणि वादळानंतरच्या दिवशी ते उलटवणारा पहिला संशयित म्हणजे तो पश्चिमेकडचा वारा.

करायचं असं. मिनिटागणिक नोंदींची फाइल उघडा. वरच्या ओळींत स्थानक, घटक, एकक. घटक एक्स (उत्तरेकडचा) आणि वाय (पूर्वेकडचा) असतील तर दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ, तो एच, म्हणजे क्षैतिज क्षेत्र. ९९९९९ म्हणजे नोंद हरवली, ८८८८८ म्हणजे तो घटक मोजलाच नाही. दोन्ही काढा. मग बेसलाइन, म्हणजे स्थानिक मध्यरात्रीच्या आसपासची सरासरी. ही वादळाच्या रात्रीची घ्यायची नाही, ती रात्रच खचलेली असते. आधीच्या शांत रात्रीची, दोन्ही स्थानकांसाठी एकच रात्र, आणि तीन दिवस तीच.

वजाबाकी एकाच जागतिक वेळेची. तिरुनेलवेली अलिबागच्या जवळपास पाच अंश पूर्वेला आहे, सूर्य तिथे वीस मिनिटं आधी डोक्यावर येतो, म्हणून काही जण आधी स्थानिक वेळा जुळवून घेतात. शांत दिवशी ते एकवेळ चालेल. वादळात वलयप्रवाह मिनिटागणिक बदलत असतो, वीस मिनिटं सरकवली की पासंग उडण्याऐवजी दुप्पट दिसतं. वलयप्रवाहाचा परिणाम चुंबकीय अक्षांशाच्या कोसाइनने कमी होतो. अलिबागला साधारण १० अंश धरले तर दीड टक्का. उणे १०० च्या वादळात दीड नॅनोटेस्ला, सोडून द्या. उणे ४०० ला ६ होतात, तेव्हा भागाकार करून घ्या.

आता ग्राफ समोर आहे. तीन दिवस, एक रेघ. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती खूप नाचते, पाडव्याला कमी. नाचण्याकडे बघून लोक थांबतात. पण तो नाच वाऱ्याचा नसतो. सूर्यवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की ध्रुवाकडचं विद्युतक्षेत्र क्षणार्धात विषुववृत्तापर्यंत घुसतं आणि दिवसा इलेक्ट्रोजेट वाढवतं. क्षेत्र उत्तरेकडे वळलं की तेच उलट होतं. हे ओळखायचं ओम्नीच्या बीझेडवरून: बीझेड पलटला आणि दहा-वीस मिनिटांत रेघ पलटली तर तो थेट घुसलेल्या क्षेत्राचा परिणाम. वाऱ्याच्या डायनॅमोची खूण वेगळी. बीझेड शून्याभोवती रेंगाळतोय, केपी उतरलाय, आणि तरी दुपारची रेघ शांत दिवसांच्या सरासरीच्या खाली तास न् तास राहते, कधी शून्याखाली जाते. शांत दिवसांची सरासरी त्याच महिन्यातल्या जाहीर पाच आंतरराष्ट्रीय शांत दिवसांवरून काढायची.

सावधगिरी एक आहे, आणि ती दिवाळीच्या वादळाला नेमकी लागू पडते. लक्ष्मीपूजन अमावास्येला. वादळ नसतानाही इलेक्ट्रोजेट दुपारनंतर उलटतो, आणि असे दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्त सापडतात, कारण चंद्राची भरती-ओहोटी वातावरणालाही असते. तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पाडव्याला रेघ खाली गेली की लगेच वाऱ्याच्या नावावर खतावणी करायची नाही. आम्ही पंचांग काढतो. मागची सर्वपित्री अमावास्या ६ ऑक्टोबरला होती, पुढची अमावास्या ४ डिसेंबरला. त्यांच्या दुसऱ्या दिवसांच्या रेघा बाजूला ठेवायच्या, ते दिवस शांत होते का हे केपीवरून आधी बघून. तिथेही दुपारी तशीच खोबण असेल तर चंद्राचा वाटा मोठा. तिथे नसेल आणि पाडव्याला असेल, शिवाय ती सकाळपासूनच खाली असेल आणि ६ तारखेला पन्नास मिनिटं सरकून पुन्हा दिसत नसेल, तर वाऱ्याकडे बोट दाखवता येतं. मायटीच्या चौकटीतल्या नोंदी त्याच काळात नेहमीपेक्षा पश्चिमेकडे कललेल्या दिसल्या तर बोट ठाम. मायटी दिवसातल्या दोनच वेळा दाखवतं, म्हणून तिथे काहीच न दिसण्यावरून निष्कर्ष काढायचा नाही.

एका वादळावरून ठरवूही नये. ३ फेब्रुवारी २०२२ चं वादळ तुलनेने साधं, पण त्याच दिवशी सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ परत वातावरणात पडले, कारण ते २१० किलोमीटरवर होते आणि फुगलेल्या हवेचा रोध त्यांना पेलवला नाही. तेव्हाही आयकॉन चालू होता, आणि तेव्हाची तिथी अमावास्येच्या जवळ असली तरी दिवाळीची नाही, ऋतू वेगळा. दोन्ही एकाच पद्धतीने काढून शेजारी ठेवली की ऋतूचा गोंधळ बराच कमी होतो.

मे २०२४ च्या मोठ्या वादळाला मात्र ही पद्धत अर्धीच लागू होते. धक्का १० मे रोजी रात्री साडेदहाच्या सुमाराला आला, केपी ९ झाला, डीएसटी उणे ४०० च्या खाली गेला, लडाखमध्ये हानले इथून आकाश तांबडं दिसलं. आयकॉन तेव्हा नव्हता. मॉडेल केपी ८ ला अडकलेलं, म्हणजे त्याचा वादळी वारा हा खालचा अंदाज समजायचा. हाती राहते अलिबाग-तिरुनेलवेलीची वजाबाकी, कोसाइनची दुरुस्ती करून. बेसलाइन ९ मेच्या आधीच्या शांत रात्रीची, आणि रेघ किमान १३ मेपर्यंत काढायची. त्यात ११ च्या दुपारचा आकडा बीझेडसमोर ठेवल्याशिवाय वाचू नका, कारण वादळ तेव्हाही चालू होतं. १२ तारखेलाही बीझेड आणि केपी बघूनच मग वाऱ्याकडे वळा.